नांदेड–लातूर, मार्गे खछी

लोक चीनला जातात, त्या भिंतीवर उभं राहून फोटो काढतात आणि परत आल्यावर पुस्तक लिहितात. मी काही चीनला गेलो नाही. मी नांदेडहून निघालो आणि धर्माबाद, मुखेड, किल्लारी करत लातूरला उतरलो, बस्स. हा सगळा मुलूख मी एसटीत कंडक्टर म्हणून जन्मभर घासलाय. कुठल्या फाट्यावर कोणती म्हातारी हात करणार ते मला झोपेतसुद्धा सांगता येतं. तरी छातीवर हात ठेवून सांगतो, ह्या खेपेला मी परदेशात जाऊन आलो. ज्यांना जमलं नाही त्यांच्यासाठी लिहितोय. शिकून काय आलो विचाराल, तर चिनी भाषेतला एक शब्द. तोही एक साधं विशेषण, तिथं पोरंटोरंसुद्धा वापरतात. पण त्या एका शब्दापायी माझ्या भाचीचं लग्न मोडायला आलं होतं.

नांदेड

आधी घरचा मामला सांगतो. माझी थोरली बहीण शांताताई. तिची एकुलती एक लेक प्रज्ञा डॉक्टरकी शिकायला चीनला गेली आणि तिथंच मिंग नावाच्या एका डॉक्टर पोराशी तिचं जमलं. पोराला बाप नाही. आईनं डोंगरातल्या एका छोट्या गावात मिरचीचं दुकान चालवून त्याला शिकवलं. पोरगा म्हणाला, आई हो म्हणाली तरच लग्न. आई म्हणाली, आधी माणसं बघून येते, मग सांगते. मिंग तिच्यासोबत यायचा होता, पण ऐन वेळी दवाखान्यानं सुट्टी दिली नाही. दुसरी एखादी घरी बसली असती. ही बाई एकटी विमानात बसली आणि हैदराबादला उतरली!

प्रज्ञाचा मला फोन. "मामा, आई-पप्पा घाबरून जातील. सगळं तुझ्यावर हाय. त्यांना आपली माणसं आवडली पाहिजेत, नाहीतर मिंग लग्न करणार नाही."

दुभाषी म्हणून माझीच नेमणूक झाली, त्याचं कारण माझे दाजी. दाजी म्हणजे शांताताईचे मालक, तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. ते घरात चहा मागतात तोही अर्ज केल्यासारखा. म्हणाले, "मधुकरराव, आपणांस तेलुगू अवगत आहे. कानडीही आहे. चिनी भाषा फारशी अवघड जाऊ नये असे वाटते." आता देगलूर-उदगीरच्या गाड्यांवर काम करून माणसाला 'मुंदरकी जरुगु', म्हणजे पुढं सरक, म्हणता येतं, म्हणून त्याला चिनी येईल हा हिशेब दाजींनाच सुचू जाणे. मी मोबाईलवर भाषांतराचं ॲप उतरवून घेतलं आणि तयार झालो.

बाई यायच्या आधी ताईनं मला कोपऱ्यात घेतलं. "मधू, तुझं ते कंडक्टरचं तोंड घरी ठेव. वस्सकन कुणाच्या अंगावर जायचं न्हाई. बाईंना अहो-जाहो करायचं. माझ्या लेकीचं लगीन हाय." मी शब्द दिला आणि तो पाळला, हीच तर सगळी चूक झाली.

मिंगची आई, म्हणजे लूबाई, आमच्या दारात गाडीतून उतरल्या. ठेंगण्या, कान झाकतील एवढे कापलेले केस, पायात कापडी बूट आणि चाल अशी की बाजाराला उशीर झालाय. दारात ताईनं फुलं दिली, दाजींनी शाल घातली आणि छोटं भाषण केलं. बाईंनी डावीउजवीकडं बघितलं, हसल्या आणि म्हणाल्या, "थाय खछी ला."

मी ॲप उघडलं. खछी: विशेषण. अर्थ: सभ्य, विनयशील. 'थाय' म्हणजे फार. फार सभ्य आहात तुम्ही!

दाजींची छाती फुगली. "पहिल्याच भेटीत अनुकूल शेरा," म्हणाले.

दुसरंही एक शिकलो. बाई 'शिये शिये' म्हणाल्या, म्हणजे धन्यवाद म्हणाल्या, की आपण 'बू खछी' म्हणायचं. ॲपनं सांगितलं, 'बू' म्हणजे नाही. मग बू खछी म्हणजे 'सभ्य नाही'? धन्यवादाला हे कसलं उत्तर? असेल बुवा. आपणही निघताना 'येतो' म्हणतोच की. मी काही खोलात गेलो नाही आणि दिवसभर बू खछी, बू खछी करत हिंडलो.

जेवायला ताईनं मुगाचं वरण, पांढरा भात, बिनतिखटाचा बटाटा आणि शिरा केला. "भायेरदेशाच्या माणसाला तिखट सोसत न्हाई," म्हणाली. घरातली एकुलती एक बरी खुर्ची लूबाईंना दिली आणि आम्ही सगळे भोवती उभे राहिलो. बाई हातानं खुणावत होत्या, बसा, बसा, तुम्ही पण बसा. आम्ही हात जोडून म्हणत होतो, नाही नाही, आधी पाहुणे. ताटात जरा जागा दिसली की ताई भात वाढायची. बाईंनी मुकाट्यानं तेवढा भात संपवला. मग आम्ही आत जाऊन ठेचा-भाकरी खाल्ली, दार लोटून, वास बाहेर जाऊ नये म्हणून. मिरचीच्या दुकानात आयुष्य काढलेल्या बाईला आम्ही शिरा चारत होतो आणि हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. धन्य आमची!

जेवण झाल्यावर बाई स्वतःचं ताट उचलून मोरीकडं निघाल्या. ताई किंचाळली. एका बाजूनं ताईनं ताट धरलं, दुसऱ्या बाजूनं बाईंनी. दोघी हसत होत्या आणि दोघी ओढत होत्या. शेवटी वरणाचे शिंतोडे दाजींच्या पांढऱ्या सदऱ्यावर उडाले आणि बाईंनी ताट सोडलं. "थाय खछी ला," म्हणाल्या. ह्या वेळी जरा हळू म्हणाल्या, पण कौतुक हळू केलं म्हणून काय झालं?

धर्माबाद

मिरचीवाल्या बाईला धर्माबाद दाखवायचं नाही तर काय दाखवायचं? दुसऱ्या दिवशी ताई, दाजी, मी आणि बाई भाड्याच्या गाडीनं निघालो. तिथल्या बाजारात माझ्या ओळखीचे एक आडते आहेत, बालाजीशेठ. मोकळ्या जागेत लाल मिरचीचे ढीग लागलेले, आणि हवा अशी की गाडीतून उतरता उतरता दाजींना ठसका लागला. मला शिंकांवर शिंका. ड्रायव्हर तर काच वर करून आतच बसला. आणि लूबाई? बागेत आल्यासारखा लांब श्वास घेतला त्यांनी. नांदेडात उतरल्यापासून पहिल्यांदा बाईचा चेहरा खुलला.

तरातरा ढिगाकडं गेल्या, एक मिरची उचलली, मोडली, बी बघितलं, जिभेवर ठेवलं, चावली. मग बाह्या सरसावल्या आणि कोपरापर्यंत हात ढिगात घालणार, तेवढ्यात बालाजीशेठ धावले.

"अरे अरे, पाहुण्याबाईंनी हात कशाला घालायचे? खुर्ची आणा रे! छत्री धरा!"

बाईंना खुर्चीत बसवलं. वर छत्री. एक माणूस एकेक मिरची ताटलीत घालून पुढं धरायला लागला, पेढा धरावा तशी. बाईंनी फोनमध्ये बोलून विचारलं, भाव काय? फोन हिंदीत बोलला. बालाजीशेठनी कानाला हात लावले. "तुमच्याकडून भाव? पाप लागल की हो!" बाईंनी तरी बोटं दाखवून आपला भाव सांगितला. डोळे बारीक केले, मान हलवली, घासाघीस सुरू करायची सगळी तयारी केली. बालाजीशेठ काही केल्या घासाघीस करीनात. उलट एक पोतं भेट म्हणून गाडीत टाकलं आणि वर शाल घातली.

"थाय खछी ला," बाई म्हणाल्या. पन्नास कोस चालून यावं आणि दुकान बंद निघावं, तसा चेहरा झाला होता. मी मनात म्हणालो, ऊन लागलं असेल.

मुखेड

मुखेडजवळ दाजींचं गाव. दाजींच्या चुलतभावानं चौकात फ्लेक्स लावला होता. वर लूबाईंचा फोटो, प्रज्ञानं व्हॉट्सॲपवर पाठवलेला, ओढून ओढून बैलगाडीएवढा केलेला. खाली अक्षरं: 'चीनच्या सुकन्या, मिरचीसम्राज्ञी मा. लूताई यांचे सहर्ष स्वागत'. आणि त्याखाली शुभेच्छुक म्हणून सगळी भावकी, काळे चष्मे लावून. बाई आपलाच चेहरा बघत फ्लेक्सखाली उभ्या राहिल्या. मला खात्री आहे, मिंगच्या गावात अशी सोय नसणार.

मग स्टेज, हलगी आणि सत्कार. आपल्याकडं सत्काराला काय लागतं? माणूस सापडला की झालं. शाळेनं केला, भजनी मंडळानं केला, सोसायटीनं केला. बौद्धवाड्यातल्या आमच्या तरण्या पोरांनी तर 'जय भीम' म्हणायला शिकवलं आणि बाईंनी ते एवढं खणखणीत म्हटलं की टाळ्या थांबेनात. नारळांचा ढीग झाला. शालीवर शाल चढत गेली. वर ऊन, मधे बाई, त्यांचं फक्त नाक दिसत होतं. चुलतभावानं भाषणात आपण चीनशी किती जुने संबंध जपून आहोत ते सांगितलं. त्यांचा चीनशी संबंध म्हणजे एक टॉर्च होता.

एवढ्यात बाईंची नजर स्टेजच्या मागं गेली. लिंबाखाली पाचसात बायका गोल करून भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. गप्पा, हसणं, शिव्या, सगळं एकत्र चाललेलं. बाईंनी शालींचा तो सगळा बोजा उतरवला, स्टेजवरून खाली उडी मारली आणि जाऊन त्या गोलात मांडी घातली. एक मूठ शेंगा उचलली.

सगळ्या बायका ताडकन उभ्या राहिल्या. पदर सावरले, हात जोडले. एकीनं सतरंजी आणायला पळ काढला. आणि त्या गोलाच्या मधोमध शेंगांचा ढीग आणि त्याच्या शेजारी एकट्या लूबाई, हातात न फोडलेली शेंग घेऊन. मला पहिल्यांदा काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पण दाजी शेजारी म्हणाले, "पाहा, काय मान दिला बायकांनी," आणि मी मान डोलावली.

संध्याकाळी प्रज्ञाचा फोन आला. रडत होती.

"मामा, काय करून राहिले तुम्ही तिथं? मिंगची आई परत निघाली. लातूरहून हैदराबादची गाडी धरते म्हणतेय. लग्नाला नाही म्हणतेय!"

"आँ? काहीतरी घोटाळा हाय बघ. बाई तर रोज आमची तारीफ करून राहिली. खछी, खछी, दुसरं बोलणंच न्हाई!"

प्रज्ञाचं रडणं एकदम थांबलं. म्हणाली, "मामा, किती वेळा म्हणल्या?"

"लई वेळा! थाय खछी."

"अरे देवा."

मग तिनं समजावून सांगितलं. ती दोन अक्षरं आहेत. पहिल्याचा अर्थ पाहुणा. दुसऱ्याचा अर्थ हवा. पाहुण्याची हवा, म्हणजे पाहुण्याशी वागायची रीत. दुकानदाराशी, साहेबाशी, अनोळखी माणसाशी माणूस खछी असला तर चांगलंच. पण घरच्यांशी कुणी खछी असत नाही. जवळच्या माणसाला 'फार खछी आहेस' म्हणणं म्हणजे, असा परक्यासारखा का वागतोस? पहिल्या भेटीत म्हटलं तर कौतुक. दुसऱ्यांदा विनवणी. त्याच्या पुढं तक्रार.

"आणि ते बू खछी?" मी विचारलं.

"म्हणजे परकेपणा करू नका. तू रोज तोंडानं त्यांना तेच सांगत होतास, मामा."

तोंडानं तेच आणि करणं उलटं! मी कपाळाला हात लावला. लूबाई लेकाला काय म्हणाल्या तेही प्रज्ञानं सांगितलं: "माणसं वाईट नाहीत. पण मी इथं कितीही राहिले तरी पाहुणीच राहीन. माझा पोरगा त्या घरात जन्मभर खुर्चीवर बसून शिरा खाईल. मला असं घर नको."

ताईनं हे ऐकलं आणि मटकन खाली बसली. "मी तर जीव काढून केलं गं माझे बाई," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली.

मग सभा भरली. विषय: पाहुणीचा अपमान कसा करावा. दाजींनी खाकरून सुरुवात केली, "असभ्य वर्तनाचा एक आराखडा करू." ठरलं ते असं. एक, बाई आल्या तर दाजींनी उठायचं नाही. दोन, ताईनं शिळी भाकरी वाढायची आणि आग्रह करायचा नाही. तीन, कुणीही हात जोडायचे नाहीत. मी म्हणालो, "अरे, हे काम माझं हाय! मी हजारो माणसांशी..."

"तू न्हाई!" ताई ओरडली. "तू तोंड उघडशील तर उरलंसुरलं एका दमात मोडशील."

सकाळी बाई बाहेर आल्या. दाजींनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. घाम फुटला माणसाला. तीस वर्षं साहेब आला की उठायची सवय! शेवटी उठलेच, आणि हात सोडायचे राहिले म्हणून खुर्ची घेऊन उठले. खुर्ची पाठीला लावून वाकून नमस्कार. ताईनं शिळी भाकरी वाढली, मग म्हणाली, "माफ करा, शिळी हाय." मग म्हणाली, "ताजी आणू का?" मग आत गेली आणि ताजी करून आणली, वर तूप.

"थाय खछी ला," लूबाई म्हणाल्या आणि तूप बघत बसल्या.

किल्लारी

लातूरच्या आधी वाट जरा वाकडी करून किल्लारीत दाजींच्या मोठ्या बहिणीकडं, अक्कांकडं, मुक्काम ठरला होता. भूकंपानंतर वसवलेलं हे गाव. सरळ रस्ते, सारखी घरं. लूबाई रस्त्यातून जाताना घरं निरखत होत्या. मग फोनमध्ये बोलल्या. त्यांच्या डोंगरातही जमीन हलली होती, त्यांचंही घर पडलं होतं, असं त्या फोननं आपल्या गोड आवाजात सांगितलं, बातम्या सांगाव्यात तसं.

अक्कांनी ते ऐकलं आणि बाईंच्या जवळ सरकल्या. म्हणाल्या, "आमच्याकडं भूकंपानंतर लई लोक आले. ब्लँकेटं दिली, हात जोडून बोलायचे. आम्ही बी हात जोडायचो. समदी देवमाणसं. पर पत्र्याच्या शेडात मला झोप लागंना. कुणाच्या तरी दारात बसल्यावानी वाटायचं. मग एक दिवस नळावर एका बाईनं माझी घागर लाथेनं सारली. म्हणली, सरक गं, नळ काय तुझ्या बापाचा हाय का? म्या बी तिला दिल्या चार शिव्या. त्या दिवशी घरी येऊन ढसाढसा रडले. म्हणलं, गाव बसलं परत."

फोननं त्याचं चिनीत काय केलं ते फोनलाच माहीत. पण लूबाईंनी अक्कांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. दोघींचे डोळे भरले होते. मला वाटलं, आता जमलं! आणि तेवढ्यात अक्का उठल्या, आत गेल्या आणि शाल घेऊन आल्या. दाजींनी आधीच कळवून ठेवलं होतं.

रात्री दूधभात.

सकाळी गाडीचा क्लच गेला. ड्रायव्हर म्हणाला, मेकॅनिक येईस्तोवर दुपार होईल. हैदराबादची गाडी तर लातूरहून दुपारीच सुटणार. राहिली एसटी. मी मनातून खूश झालो. बाई निघाल्या होत्या, लग्न बुडालं होतं, ताईचे डोळे सुजले होते, पण निदान शेवटचा प्रवास तरी माझ्या गाडीनं.

गाडी आली ती भरून. दारात तुरीची पोती, दुधाच्या किटल्या, कॉलेजची पोरं. मिरचीचं पोतं घेऊन आम्ही कसेबसे चढलो आणि दाजींनी पायरीवरच भाषण सुरू केलं. "प्रवासी बंधुभगिनींनो, या आपल्या चीनच्या पाहुण्या आहेत. कृपया योग्य तो मान..." झालं! अर्धी गाडी उभी राहिली. या बसा, इथं बसा, खिडकीत बसा. लूबाई दोन्ही हात हलवून नको नको म्हणत दारातच थांबल्या. खालचे वर येईनात, वरचे आत जाईनात, दार लागेना, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि कंडक्टर, नवीन पोरगी होती बिचारी, "अहो सरका ना, प्लीज," म्हणतेय. प्लीज! माझ्या एवढ्या नोकरीत एसटीच्या पायरीवर कुणी हा शब्द वापरलेला मी ऐकला नव्हता.

माझ्या डोक्यात काय झालं ते मला सांगता येणार नाही. कपाळाची शीर उडाली.

"ए बाई!" मी ओरडलो. "दारात काय सत्काराला उभी हायस का? सरक म्होरं! ती पिशवी पाठीवरनं काढ, मांडीवर घे! ह्या पोत्यावर पाय दे आन् त्या मावशीशेजारी घूस! दाजी, भाषण बंद! ताई, रडायचं ते बसून रड! चल, सरक, सरक, सरक!"

ताईनं तोंडावर हात ठेवला. मला एकदम भानावर आल्यासारखं झालं. अहो-जाहो गेलं, दिलेला शब्द गेला, भाचीचं लग्न तर गेलंच गेलं.

लूबाईंनी माझ्याकडं वर बघितलं. मग कमरेवर हात ठेवला आणि तोंड सोडलं. काय तो पट्टा! एक अक्षर कळलं नाही, पण सूर ओळखीचा होता, आठवडी बाजारातला. हातातला फोन चालू होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि सगळ्या गाडीला आपल्या नम्र बाईच्या आवाजात सांगितलं, "पहले आप अपना पेट आगे भेजिए. रास्ता उसी ने रोका है."

गाडी हसून फुटायची बाकी राहिली. ती नवीन कंडक्टर पोरगी तर दांडी धरून हसत होती. लूबाई पोत्यावर पाय देऊन आत घुसल्या, मावशी आणि ताई अशा दोघींच्या सीटवर तिसऱ्या म्हणून बसल्या आणि पिशवी मांडीवर घेतली. दार लागलं. कंडक्टरनं डबल बेल मारली.

मग मी डबा काढला. भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. चालत्या गाडीत जेवायची माझी जुनी सवय. वास गेला असेल. लूबाईंनी मागं वळून बघितलं, हात लांब केला आणि माझ्या हातातला डबाच ओढून घेतला. बोटानं ठेचा चाटला. डोळे मोठे झाले. मग माझ्या दंडावर एक सणसणीत फटका!

फोन म्हणाला, "आप लोग यह खा रहे थे और मुझे आलू दे रहे थे?"

"मग तू मागितलं का?" मी म्हणालो. मी तर आता सुटलोच होतो. "तोंड न्हाई का तुला?"

औशापर्यंत आमचं भांडण चाललं. तिचं म्हणणं, ठेच्यात मिरची बरी हाय पण मीठ जास्त. माझं म्हणणं, मिठातलं तुला काय कळतं. तिनं पिशवीतून एक बाटली काढली आणि तिच्या दुकानची कसलीशी लाल चटणी माझ्या भाकरीवर ओतली. मी खाल्ली, आणि जिभेला मुंग्या आल्या, ओठ माझे राहिले नाहीत. ती मांडी थोपटून हसत होती. बसमधले लोक पैज लावायला लागले.

ताई तिच्या शेजारी अंग चोरून बसली होती. वळणावर लूबाईचं कोपर तिच्या बरगडीत गेलं आणि ताईच्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई, नीट बस की! किती रुतायलीस!"

निघून गेलं आणि तिनं जीभ चावली. पण लूबाईला शब्द कळायची गरज नव्हती. तिनं ताईला आणखी एक कोपर मारलं, मुद्दाम. ताईनं तिला मारलं. मग दोघी एकाच डब्यातून जेवल्या. उष्टं-खरकटं कुणी बघितलं नाही, आणि ताई आग्रह करायला विसरून गेली. स्वतःच खात होती.

लातूर

लातूरच्या स्टँडवर हैदराबादची गाडी लागलेलीच होती. वेळ थोडा होता. दाजींनी पिशवीतून शेवटची शाल काढली. माणसाचा स्वभाव जायचा कुठं! "आपण येथे येऊन आम्हांस जो बहुमान..." असं त्यांनी सुरू केलं.

लूबाईनं त्यांच्या हातातून शाल घेतली, जमिनीवर अंथरली, धर्माबादच्या मिरच्यांतल्या चार ओंजळी आणि माझ्या ठेच्याचा डबा तिच्यात ठेवला आणि घट्ट गाठोडं बांधलं. गाठोडं माझ्या हातात दिलं, "सरक" म्हणाली आणि बोटानं गाडी दाखवली. म्हणजे चढव. दाजींनी एक उसासा टाकला आणि बाकावर बसले. बाई समोर उभी होती आणि दाजी बसले होते! मी डोळे चोळून बघितलं.

मग ती ताईसमोर उभी राहिली. फोन तोंडाजवळ धरला आणि कपाळाला आठ्या घालून बरंच काही बोलली. ताईनं माझा हात पकडला.

फोन म्हणाला, "तुम्हारी लड़की जिद्दी है. मेरा लड़का आलसी है. शादी ठंड में रखो. मेरे लिए कुर्सी मत रखना."

ताईला हिंदी कळते. तरी ती माझ्याकडं बघायला लागली, भाषांतरासाठी.

"हो म्हणली ती," मी म्हणालो.

कंडक्टरनं शिट्टी मारली. लूबाई गाडीत चढली, तिच्या सीटवर बसलेल्या माणसाला "सरक, सरक" म्हणून उठवलं आणि खिडकीशी बसली. गाडी हलली. आम्ही तिघं हात हलवत होतो. तिनं गाठोड्याची गाठ सैल करून मिरची काढली होती आणि ती खाण्यात गुंग होती. गाडी फाटकातून वळली तरी तिनं काही मागं बघितलं नाही.

ताईनं पदर डोळ्यांना लावला. हसत होती का रडत होती, देव जाणे.

"बघितलंस का मधू," म्हणाली, "थँक्यूसुद्धा म्हणली न्हाई."